उजी गांवचा सावलींतला चहा

क्योतो स्टेशनावरून नाराच्या बाजूस जाणाऱ्या आगगाडींत बसलें म्हणजे अर्ध्या तासाच्या आंत उजी हें गांव येतें. स्टेशनाबाहेर टपालाची पेटी आहे, तिचाहि आकार चहाच्या बरणीचा! आम्ही मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत तेथें गेलों. वसंतारंभापासून अठ्ठ्याऐंशीवी रात्र आली म्हणजे चहाच्या पहिल्या खुडणीचे दिवस आले, असा जपानी शेतकऱ्यांचा जुना हिशेब आहे, आणि ती रात्र नुकतीच उलटली होती.

उजीस जाण्याचें निमित्त मात्र घरचें होतें. आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव एका कठीण परीक्षेस तिसऱ्यांदा बसणार आहेत. रात्रीचे दोन वाजेपर्यंत दिवा जळतो, आणि मेजावर पुस्तकांच्या शेजारीं गोळ्यांची एक बाटली असते. चहांतून काढलेल्या थिॲनीन नांवाच्या द्रव्यानें चित्त एकाग्र होतें, असें तिच्यावर छापलेलें आहे. आम्ही निघतांना वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, जपानला चाललांच आहां, तर तिकडच्या अस्सल गोळ्या घेऊन या. पोराचें हें शेवटचेंच वर्ष." वहिनींस नाहीं म्हणण्याची आमच्या घरांत कोणाचीच छाती नाहीं.

गांवांतून उजी नदी खळाळत वाहते. तिच्यावर पहिला पूल इ. स. ६४६ सालीं झाला असें सांगतात. नदीकांठीं ब्योदोइन मंदिराचा १०५३ सालचा मंडप तळ्यांत आपलें प्रतिबिंब पाहत उभा आहे. जपानच्या दहा येनांच्या नाण्यावर त्याचेंच चित्र असतें. मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर दोहों बाजूंस चहाचीं दुकानें आणि भाजल्या पानांचा असा घमघमाट, कीं देवदर्शनापूर्वींच पाय अडखळावेत.

खरें पाहण्यासारखें आहे तें गांवाबाहेरच्या मळ्यांत. 'ग्योकुरो' नांवाचा उंची चहा ज्या झाडांपासून होतो, त्यांवर खुडणीपूर्वीं वीसेक दिवस मांडव घालतात. पूर्वीं हा मांडव बोरूच्या चट्यांचा आणि भाताच्या पेंढ्याचा असे. अजूनहि कांहीं जुने शेतकरी तो घालतात, पण बहुतेक ठिकाणीं आतां काळें कृत्रिम कापड दिसतें. आंत वाकून शिरलों तों भर दुपारीं तिन्हीसांजेचा भास! पानें गर्द हिरवीं, आणि हातास मऊ.

या सावलीचें मर्म असें आहे. थिॲनीन चहाच्या मुळांत तयार होतें आणि वर पानांत चढतें. तेथें त्यास ऊन लागलें, कीं तें खर्ची पडून तुरट द्रव्यें वाढतात. ऊन अडवलें तर तें पानांत शिल्लक राहतें आणि चहास एक दाट, गोडसर रुचि येते. शेतकऱ्यास हें जिभेनें कळलें होतें. शास्त्रास कळण्यास १९४९ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं याजिरो साकातो या संशोधकानें ग्योकुरोच्या पानांतून हें अमायनो आम्ल शोधून काढलें, आणि 'थिया' या चहाच्या जुन्या शास्त्रीय नांवावरून त्याचें नामकरण झालें.

एका जुन्या दुकानांत आम्हीं ग्योकुरो मागविला. पाणी उकळतें नव्हे, निववून पन्नास-साठ अंशांवर आणलेलें. वाटी आपल्या तीर्थाच्या पंचपात्राहून लहान! दोन मिनिटें वाट पाहावयाची आणि मग थेंबथेंब ओतावयाचें. आमच्या सौभाग्यवतींनीं एक घोट घेऊन, "हें तर भाजीचें सार!" असा अभिप्राय दिला, आणि तो अगदींच चुकीचा नव्हता.

आतां गोळ्यांविषयीं. साध्या चहाच्या एका पेल्यांत सुमारें ८ ते २४ मिलिग्रॅम थिॲनीन उतरतें. गोळींत बहुधा १०० ते २०० असतें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत सत्तावीस माणसांस ५० मिलिग्रॅम कॅफीन आणि १०० मिलिग्रॅम थिॲनीन एकत्र दिलें, तेव्हां एका कामावरून दुसऱ्याकडे लक्ष वळविणें तासाभरानें थोडें जलद व बिनचूक झालें. परंतु हा गुण जोडीचा होता, आणि मोजणी घटका-दोन घटकांची होती. वर्षभराच्या अभ्यासाची नव्हे. युरोपच्या अन्नसुरक्षा मंडळानें २०११ सालीं सारा पुरावा तपासून, थिॲनीनमुळें बुद्धीचें काम सुधारतें हें सिद्ध झालेलें नाहीं, असा निर्णय दिला. माझें मत म्हणाल, तर चार तासांच्या झोपेवर उभ्या असलेल्या पोरास कोणत्याहि गोळीनें एकाग्रता यावयाची नाहीं. पण हें त्यास सांगावें कोणीं?

अखेर गोळ्या न घेतां मीं ग्योकुरोचा एक डबा घेतला. दुकानांतल्या वृद्ध बाईंनीं तो बांधतांना बजावलें, कीं हा चहा संध्याकाळनंतर घेऊं नये, यांत कॅफीन फार. म्हणजे ज्या वेळेसाठीं घेतला, नेमक्या त्याच वेळीं तो निरुपयोगी!

घरीं आल्यावर डबा पाहून वहिनींचा चेहरा उतरला. चिरंजीव म्हणाले, "काका, मला गोळ्या हव्या होत्या." मीं वाद घातला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहांटे साडेपांचास त्यास उठविलें, पाणी तापवून निववत ठेवलें आणि दोघे बसलों. पाणी निवेपर्यंत तो आपण होऊन बोलूं लागला. अभ्यास होत नाहीं असें नाहीं. पुन्हां नापास झालों तर बाबांसमोर कसें उभें राहूं, हा विचार पान उलटूं देत नाहीं, म्हणाला. हें तो दोन वर्षांत कोणाजवळहि बोलला नव्हता.

त्याच दिवशीं मीं बंधूंच्या कानावर तें घातलें. ते बराच वेळ गप्प राहिले. रात्रीं जेवणें झाल्यावर त्याच्या खोलींत गेले, आणि साडेदहास दिवा मालवला गेला. गोळ्यांची बाटली अजून मेजावर आहे. डबा मात्र अर्धा झाला आहे.