सीमेवरचीं झाडें

मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत दोन गांवांच्या सीमेचा तंटा कसा मिटवावा हें सांगतांना, सीमेवर वड, पिंपळ, पळस, सांवर असे वृक्ष लावावे असें म्हटलें आहे. शिवाय सीमेविषयीं माणसांची नेहमीं भ्रांति होते, म्हणून हाडें, कोळसे, खापऱ्या, विटा जमिनींत पुरून गुप्त खुणाहि ठेवाव्या, असें तेथें सांगितलें आहे. विद्यार्थिदशेंत हा भाग मीं नीरस म्हणून घाईनें ओलांडला होता. त्याची आठवण झाली ती थेट बर्लिन शहरांत, चिरंजीवांकडे मुक्कामास असतां.

१३ ऑगस्ट १९६१ रोजीं पूर्व जर्मनीच्या सरकारनें पश्चिम बर्लिनभोंवतीं कांटेरी तारा ओढल्या व पुढें तेथें भिंत बांधली, ही हकीकत वाचकांस ठाऊक आहेच. या वेढ्याची लांबी सुमारें १५५ किलोमीटर होती. पण भिंत म्हणजे एकच भिंत नव्हे. दोन भिंतींमध्यें एक रुंद पट्टा मोकळा ठेवलेला असे. त्यांतली वाळू दंताळ्यानें विंचरून ठेवीत. हेतु हा कीं, पळणाऱ्याचें पाऊल उमटलें तर तें दिसावें. गवत उगवूं नये म्हणून तेथें विष फवारीत. या सीमेपायीं किमान १४० माणसें प्राणांस मुकलीं. ९ नोव्हेंबर १९८९ च्या रात्रीं बोर्नहोल्मर रस्त्यावरील पुलाचें नाकें प्रथम उघडलें, आणि अठ्ठावीस वर्षांचा वेढा सुटला.

त्याच पुलापाशीं आम्हीं प्रथम गेलों. एप्रिल महिना होता आणि चेरीचीं झाडें गुलाबी फुलांनीं नखशिखांत भरलीं होतीं. जपानांतील लोकांनीं वर्गणी जमवून अशीं नऊ हजारांहून अधिक झाडें या जुन्या सीमेवर व आसपास लावण्यास दिलीं. जेथें गवताची काडी उगवूं देत नसत तेथें हा बहर! पुढें सीमेच्या कडेनें पायीं व सायकलीनें फिरण्याची सुमारें १६० किलोमीटरची वाट शहरानें तयार केली. ती मात्र सर्वत्र हिरवी नाहीं. कांहीं ठिकाणीं नवीं घरें उठलीं आहेत. ज्यांच्या जमिनी भिंतीसाठीं घेतल्या गेल्या होत्या, त्यांना १९९६ च्या कायद्यानें बाजारभावाच्या चतुर्थांश रक्कम भरून त्या परत घ्याव्या लागल्या. आपलीच वस्तु विकत घ्यावयाची, हा न्याय मला तरी पटला नाहीं.

‘भिंतीचें उद्यान’ असें ज्याचें नांव, तें १९९४ सालीं खुलें झालें. रविवारीं तेथें जुन्या वस्तूंचा बाजार भरतो, तरुण मंडळी गातात, उतारावर झोपाळे आहेत. चिरंजीव म्हणाले, “नाना, मुलांना खेळायला जागा झाली. आणखी काय हवें?” मी म्हटलें, “हवें. येथें काय होतें तें त्या मुलांना कोण सांगणार?” ते हंसले व म्हणाले, “उद्यां तुम्हांला बेर्नाउअर रस्त्यावर नेतों.”

त्या रस्त्याजवळ १८९४ सालचें एक मोठें चर्च होतें. तें नेमकें दोन भिंतींच्या मध्यें अडकलें, आणि १९८५ च्या जानेवारींत सुरुंग लावून तें पाडण्यांत आलें. आज त्याच जागीं एक लहानसें प्रार्थनामंदिर आहे. २००० सालीं तें बांधतांना माती चोपून भिंती उभारल्या आणि त्या मातींत जुन्या चर्चच्या फुटक्या विटा कालविल्या. मंदिराभोंवतीं राय नांवाचें, गव्हासारखें एक धान्य पेरतात. आम्हीं गेलों तेव्हां पीक हिरवें, पोटरीएवढें होतें. मीं वांकून माती चिमटींत घेतली. ती अजूनहि वाळूसारखीच हाताला लागली.

जेथें भिंत पुरी नाहींशी झाली, तेथें तिच्याच उंचीच्या गंजक्या लोखंडी दांड्या ओळीनें रोविल्या आहेत, माणूस सहज पार जाईल इतकें अंतर ठेवून. ही खूण मात्र गुप्त नाहीं. माझा सात वर्षांचा नातू त्या दांड्यांमधून पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि परत पूर्वेकडे ये-जा करूं लागला व फेऱ्या मोठ्यानें मोजूं लागला. “आजोबा, इथून जायला बंदी कां होती?” असें त्यानें बाराव्या फेरीला विचारलें. मी सांगूं लागलों. सूनबाईंनीं जेवणाची वेळ झाली म्हणून दोनदां हांक मारली, तरी आमचें बोलणें संपलें नव्हतें.