तहान झाडाला होती का मला?

आज माझीच एक चूक लिहितो. मोसंबीवाल्यांच्या कामाची आहे, बाकीच्यांनीही वाचा.

2012 च्या दुष्काळात माझी बाग वाळली. विहीर कोरडी, उसनवारी करून टँकर आणले, तरी शेवटी झाडं तोडून सरपण केलं. आपल्या जालना जिल्ह्यात त्या साली कितीतरी बागा अशाच गेल्या. 2016 ला पाऊस बरा झाला, तवा पुन्हा दोन एकर लावली. 6 बाय 6 मीटरवर सव्वादोनशेच्या आसपास झाडं.

2021 ला पाऊस धो धो झाला. पुढच्या उन्हाळ्यातही विहिरीला भरपूर पाणी. तरी मी ठिबक चालू केलं की बंद करायचं नाव घेत नव्हतो. पान पिवळं दिसलं की वाटायचं, पाणी कमी पडलं. मग अजून दोन तास. आमची जमीन काळी, भारी, पाणी धरून ठेवणारी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. दुसऱ्याला मीच सांगायचो.

मग बुंध्यातून डिंक गळायला लागला. डिंक्या रोग. मी आधी रोपवाल्याला शिव्या दिल्या, मग औषधवाल्याला. पोरगा म्हणला, "दादा, पाणी जास्त होतंय, एकदा उकरून तर बघा." मी खेकसलो, "दुष्काळ तू पाहिला का मी?" चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

एका रात्री जेवताना मालकीण म्हणली, "अहो, झाडाला कुठं तहान लागली? भ्या तुम्हाला वाटतंय."

मी काही बोललो नाही. पण झोप लागली नाही. सकाळी खुरपं घेऊन गेलो, बुंध्यापासून हातभर अंतरावर वीतभर उकरलं. मातीचा चिखल, कुजका वास. बारीक मुळ्या काळ्या पडलेल्या, ओढली की साल हातात अन् आत नुसता दोरा. तिथंच बांधावर बसलो. दहा वर्षांमागचा दुष्काळ माझ्या डोक्यातून गेलाच नव्हता. व्हॉल्व्ह तोच फिरवत होता.

नंतर ठिबकच्या नळ्या बुंध्यापासून लांब सरकवल्या. बुंध्याला लागलेली मातीची भर काढून कलमाचा सांधा उघडा केला. डिंक खरवडून बोर्डो पेस्ट लावली. 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. 19 झाडं तरी गेलीच. बाकीची सावरली.

माझ्या वहीत पाऊस, खत, फवारणी, खर्च सगळं असतं. त्यात एक रकाना वाढवला: "का केलं?" खरं लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. पहिल्याच हंगामात लाज वाटली. कपाशीवर फवारणी, का? शेजाऱ्यानं मारली म्हणून. गुलाबी बोंडअळीला कामगंध सापळ्यात सलग 3 रात्री 8-8 पतंग आले तर फवारा म्हणतात, मी सापळ्याकडं पाहिलंही नव्हतं. एक जास्तीची खताची बॅग, का? उधार मिळाली म्हणून. पोरावर ओरडलो, का? भाव पडल्याचा राग होता, त्याची चूक काहीच नव्हती.

समर्थ रामदासांचं जन्मगाव जांबसमर्थ आपल्याच घनसावंगी तालुक्यातलं. दासबोधातली मूर्खलक्षणं मी लहानपणापासून ऐकतो. दर लक्षणाला गावातला एकेक माणूस आठवायचा, अन् हसू यायचं. त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खाची लक्षणं आहेत, म्हणजे कळतं पण वळत नाही असा माणूस. या खेपेला ती ऐकताना दुसरं कुणी आठवलं नाही.

माती परीक्षण, पाणी परीक्षण आपण करतो. निर्णय घेणारा माणूस मात्र तपासायचा राहतो. तो घाबरलेला असला, रागात असला, नाहीतर शेजाऱ्याच्या ईर्षेला पेटलेला असला, तर सहायक कृषी अधिकाऱ्याचा चांगला सल्लाही त्याच्या कानात शिरत नाही.

पोराला "माझं चुकलं" म्हणायला मला आठ दिवस लागले. आता पाण्याचं तो बघतो. मी अजूनही रात्री उठून व्हॉल्व्हकडं जातो, सवय मोडत नाही. पण आधी खुरप्यानं उकरतो, माती मुठीत दाबतो. गोळा होत असला की गपचूप परत येतो.

तुम्ही मागच्या हंगामात भीतीनं किंवा दुसऱ्याचं बघून काय केलं? खरं असेल ते लिहा. हसणार नाही.