अबीलेचा ड्रम

"आमच्याकडे गायी आहेत, पण गॅस सिलिंडरचाच," असं आमचा लडाखी रूममेट एकदा मेसमध्ये म्हणाला आणि माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. आमच्या सांगलीकडच्या घरामागे गोबर गॅस आहे. म्हटलं, लेका, जानेवारीत येतो आणि बसवूनच देतो!

विमानाचं तिकीट काढून गेलो (स्कॉलरशिप अशीच संपते). लेहजवळचं गाव, पहाटे उणे १८. अंगणात संध्याकाळी वाफाळत पडलेलं शेण सकाळी पहारीनं उचकटावं लागत होतं. वास नाही, माशी नाही. लाथ मारली तर दगडासारखं टणटणत गेलं. बूट मात्र स्वच्छ!

मी ओसरीतला प्लास्टिकचा ड्रम घेतला, ताजं शेण, तेवढंच पाणी, वरून पोती. सकाळी ड्रम वरपासून खालपर्यंत उभा फाटलेला. पाण्याचा बर्फ होताना आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढतं, हे मी बारावीला लिहून मार्क मिळवले होते.

ड्रम अबीलेचा, म्हणजे रूममेटच्या आजीचा. हिवाळ्यात नळ गोठतात, तेव्हा पाणी त्यातच साठवायचं. ती काहीच बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून छोटा डबा घेऊन चार-चार खेपा घालू लागली. मी मुकाट मागे.

मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब मानवते. दहाच्या खाली त्यांचा जवळजवळ संपच. बरं, गोठले म्हणून सगळे मरत नाहीत, नुसते थांबतात. म्हणून तर बर्फ वितळला की सगळा राहिलेला वास एकदम येतो म्हणे. अबीलेचं गणित वेगळं. हवा कोरडी, ऊन कडक, म्हणून शेण उन्हाळ्यातच वाळवून गच्चीच्या कठड्यावर रचायचं आणि हिवाळाभर बुखारीत जाळायचं. रूममेटनं भाषांतर केलं, "ती म्हणते, थंडीत शेणाला काम सांगायचं नसतं."

घरी फोन केला तर आई म्हणाली, "अरे, थंडीत आपलाही गॅस कमी येतो. म्हणून तर मी शेणात कोमट पाणी घालते. दिसत नव्हतं होय रे तुला?"

दिसत होतं. रोज.

निघताना लेहच्या बाजारातून नवा ड्रम घेऊन दिला. दिल्ली ते मिरज जनरल डब्यातून आलो.