आधी कावळे, मग नख्या

आमच्या टेबलावर रक्त म्हणजे गुंजा. लाल, एका टोकाला काळा डोळा असलेल्या. वाडीच्या कुंपणावरच्या वेलीवरून जमवलेल्या. याच गुंजांवर सोनार पूर्वी सोनं तोलत. बी विषारी, म्हणून डबीचं झाकण घट्ट, आणि घरात लहान मूल आलं की डबी माळ्यावर. 'व्हॅम्पायर : द इटर्नल स्ट्रगल' या खेळात प्रत्येकाला सुरुवातीला तीसचा साठा मिळतो. पाच जण बसले की दीडशे गुंजा तिथेच संपतात, पिशाच्चांच्या अंगातलं सुरुवातीचं रक्तही त्यातूनच जातं.

रेवदंड्याच्या वाडीतल्या पडवीत महिन्यातून एका शनिवारी आम्ही बसतो. आमच्यातला डॉक्टर मुंबईहून येतो; पावसाळ्यात गेटवेच्या लाँच बंद असल्या तरी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो मिळते. खाऱ्या, दमट हवेत पत्ता केळीच्या पानासारखा वळतो, म्हणून प्रत्येक पत्त्याला प्लास्टिकचं अंगरखं घातलेलं. रक्तपिपासू उमराव हा प्रकार आमच्या किनाऱ्याला तसा परकाच. आमची भुतं नारळ-कोंबड्यावर भागवतात, फार तर चकवा लावून रात्रभर फिरवतात. पण पत्ते काय कोणाचेही चालतात.

या टेबलावर नियम सांगायचं काम माझं. कोणी नेमलं नाही, ते अंगावर आलं. लहानपणी गणपतीच्या जागरणाला मेंढीकोट खेळताना पानं वाटायच्या आधी मीच विचारायचो, "हुकूम बंद की कट?" दर आळीची रीत वेगळी, आणि आधी विचारलं नाही तर पहाटे भांडण ठरलेलं.

या खेळातली मारामारी समजवायला मला कबड्डी कामी आली. जुन्या कबड्डीचे तीन प्रकार होते. संजीवनीत समोरचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी जिवंत होई. गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत मेलेला बाहेरच. आणि अमरमध्ये बाद झालेलाही मैदानातच राही, फक्त गुण जाई. पहिल्यांदाच खेळायला बसलेल्या भाच्याला म्हटलं, हे पिशाच्च संजीवनीतलं, पण जिवंत व्हायला पैसे पडतात. साधा ठोसा बसला तर एका ठोशामागे अंगातली एक गुंज टाकून जखम भरून काढायची. गुंज संपली आणि ठोसा उरला, तर पिशाच्च निपचित पडतं. मेलं नाही, पण उठवायला दोन गुंजा. आणि तसं पडलेलं असताना शत्रू येऊन त्याला पिऊनही टाकू शकतो.

नख्यांची आणि आगीची इजा वेगळी. रक्त टाकून ती भरत नाही. तिला मी मराठीत काय म्हणावं यात दोन महिने गेले. 'तीव्र' म्हटलं तर हवामान खात्याचा इशारा वाटतो. 'गंभीर' म्हटलं की वर्तमानपत्रातला अपघात. शेवटी आईच्या तोंडचा शब्द घेतला : चिघळलेली. चिघळलेल्या जखमेचा पहिलाच घाव पिशाच्चाला आडवं करतो. ते आधीच आडवं असेल, तर पुढच्या प्रत्येक घावाला एक गुंज, नाहीतर राख.

आता माझी चूक. भाच्याचं पिशाच्च, अंगात एकच गुंज. डॉक्टरने त्याच्यावर कावळ्यांचा थवा सोडला, त्याचे दोन साधे ठोसे. आणि स्वतःच्या पिशाच्चाच्या हाताला नख्या फोडल्या, त्याचा एक चिघळणारा घाव. तिन्ही एकाच क्षणी बसले. मी हिशेब केला नख्यांपासून. मोठी जखम आधी, असं वाटलं मला. नख्या बसल्या, पिशाच्च आडवं झालं. मग कावळ्यांचे दोन, त्यातला एक गुंज टाकून भरला, दुसऱ्याने काय, ते आडवंच होतं. भाच्याचं पिशाच्च वाचलं, पुढच्या फेरीत त्याने ते उठवलं आणि डॉक्टरचा डाव गेला.

खरा क्रम उलटा आहे. साधी आणि चिघळणारी इजा एकत्र आली की साधी आधी मोजायची. कावळे आधी. एक ठोसा गुंजेने भरला, दुसऱ्याने पिशाच्च आडवं झालं, अंगात काही नाही. मग नख्या, आणि घाव टाळायला गुंज कुठाय? राख. तेच तीन घाव, तीच एक गुंज.

या खेळाचे आणि 'मॅजिक : द गॅदरिंग'चे जनक एकच, रिचर्ड गारफील्ड. 'मॅजिक' 1993 चं, हा 1994 चा. तेव्हा याचं नाव 'जिहाद' होतं, ते 1995 मध्ये बदललं. इजा कधी आणि कोणत्या क्रमाने मोजायची, हाच प्रश्न 'मॅजिक'मध्ये वर्षानुवर्षं चिघळत राहिला. 1999 मध्ये असं ठरलं, की लढाईतली इजा आधी रांगेत लावायची आणि ती बसायच्या आत खेळाडूंना उत्तर द्यायला वाव ठेवायचा. मॉग फॅनॅटिक नावाचा एक चिंधी गॉब्लिन होता, एका ठोशात मरणारा, पण स्वतःचा बळी देऊन कोणालाही एक ठोसा मारू शकणारा. त्याचा ठोसा रांगेत लागला की खेळाडू त्याचा बळी द्यायचा. गॉब्लिन गेला, बळीचा ठोसा बसला, आणि रांगेतलाही बसला. मेलेला गडी दोनदा मारून जायचा. 2009 मध्ये ही रांग काढून टाकली. तेव्हा पुष्कळ मुरलेल्या खेळाडूंना आपल्या हातातली कला हिसकावल्यासारखं झालं. 2024 च्या नोव्हेंबरात आणखी एक गाठ सुटली : एकाला अनेकांनी अडवलं तर कोणाला आधी मारणार हा क्रम आधीच जाहीर करावा लागे, तो गेला.

मला 2009 चा बदल पटतो, पण गॉब्लिनसाठी जीव थोडा हळहळतो. नवख्याला तो डाव सांगताना त्याचे डोळे आधी बारीक व्हायचे, मग मोठे. आमच्या पिशाच्चांत घाव एकाच वेळी बसतात. पहिला वार मिळवलेला असेल तरच समोरचा मारायच्या आत आडवा होतो. इथे मेलेला मारत नाही. त्या मानाने सरळ माणसांचा खेळ.

तरी बदल इथेही आलेच. खेळ एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे गेला, 2010 मध्ये छपाई थांबली, 2018 मध्ये ब्लॅक चँट्रीने पुन्हा सुरू केली. डॉक्टरकडे नव्वदच्या दशकातले पत्ते आहेत. त्यांवर छापलेलं एक, आज लागू मजकूर दुसरा. पत्ता हातात असताना त्यावर लिहिलंय ते खरं नाही, हे माणसाला सांगणं फार अवघड. तलाठ्याकडच्या जुन्या सातबाऱ्यासारखं आहे ते.

त्या दिवशीची माझी चूक मला नंतर रो-रोवर सापडली. नियमांची पुस्तिका मांडीवर, वाऱ्याने पानं फडफडत होती. डॉक्टरला फोन केला.

"अरे, तुझे कावळे आधी होते."

"माहीत होतं मला."

"मग बोलला का नाहीस?"

"तो पहिल्यांदा खेळत होता. आणि तू इतक्या ठामपणे सांगत होतास."

मी दोन्ही वाक्यांचा विचार केला. दुसरं जास्त लागलं.

त्या रात्री पुठ्ठ्याचा गोल कापून डबीच्या झाकणाच्या आत चिकटवला. त्यावर लिहिलं : आधी साधी, मग चिघळलेली. भरायला गुंज नसेल तर आडवं. आडव्याला चिघळलेली बसली तर गुंज, नाहीतर राख.

पुढच्या महिन्यात बाहेर पाऊस, वीज गेलेली, टेबलावर कंदील. भाच्यावर पुन्हा कावळे आले, नख्या आल्या. या वेळी अंगात दोन गुंजा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. भाच्याने डबीचं झाकण उलटं केलं, कंदिलाजवळ धरलं, ओठ हलवत वाचलं. दोन गुंजा उचलून डबीत टाकल्या, पत्ता आडवा करून बाजूला सरकवला.

"मामा, राख नाही ना? नीट बघ."

डॉक्टर माझ्याआधी म्हणाला, "नाही. आडवं."

आवरताना गुंजा मोजल्या. एक कमी भरली. आम्ही चौघं कंदील घेऊन पडवीच्या शेणाच्या जमिनीवर गुडघ्यांवर बसलो.