राखलेला कागद

ज्या गावाला श्रावणातली झड ठाऊक आहे परंतु भरती-ओहोटी ठाऊक नाही, त्या धारवाडात आम्हां सात चित्रकारांनी प्रवाळद्वीपांवर समूहप्रदर्शन भरवावे, हा बेत ज्याने प्रथम ऐकला तो मनमुराद हसला. आणि त्याचे चुकले असे मला म्हणवत नाही. मात्र डार्विनने १८४२ साली ग्रंथरूपाने मांडलेला प्रवाळद्वीपांच्या उत्पत्तीचा सिद्धान्त दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असताना, खरी प्रवाळभिंत डोळ्यांनी पाहण्याच्या आधीच, मनाशी जुळवला होता, हा दाखला आमच्यातील एकाने जुन्या दप्तरातून कागद काढावा तसा पुढे केला आणि बेताला मंजुरी मिळाली.

मी जलरंगाचा माणूस. जलरंगाचा पहिला कायदा असा की, त्यात पांढरा रंग लावायचा नसतो, राखायचा असतो. ढग, धोतर, चुना दिलेला देवळाचा कट्टा, जे जे शुभ्र ते सारे कोऱ्या कागदाचेच असते, आणि एकदा त्यावरून कुंचला फिरला की मागाहून स्पंजाने कितीही रंग उचला, जागा मळकटच राहते. आमचे मास्तर पेटीतली पांढऱ्याची नळी काढूनच घेत. चाळीस वर्षे हा नियम पाळणाऱ्या माझ्या हाताने तो या प्रदर्शनासाठी मोडला, हे कबूल केलेच पाहिजे.

झाले ते असे. पोहता न येणारा मी मालवणला सिंधुदुर्गाच्या तटापाशी, रबरी कड्याला धरून, काचेचा मुखवटा पाण्यात बुडवून तरंगलो, तेव्हा पुस्तकांतल्या चित्रांतली भडक बाग न दिसता शेवाळी, मोहरी, तपकिरी असे जुन्या गोधडीचे रंग दिसले, आणि त्यांत एखाददुसरी फांदी हाडासारखी पांढरी. घरी येऊन ती फांदी निळ्यावर नळीतल्या पांढऱ्याने काढली. ती खडूची दिसली.

मग वाचू लागलो. प्रवाळाचा जीव आपल्याभोवती चुन्याचा सांगाडा रचतो, त्याचे शरीर जवळजवळ पारदर्शक असते, आणि आपण ज्याला त्याचा रंग म्हणतो तो बव्हंशी त्याच्या देहात आश्रयाला असलेल्या सूक्ष्म शैवालाचा असतो. पाणी फार तापले की हे भाडेकरू घर सोडतात आणि खालचा पांढरा सांगाडा उघडा दिसतो. १९९८ साली लक्षद्वीपात असे विस्तीर्ण पट्टे पांढरे पडले. पांढरे पडलेले प्रवाळ लगेच मेलेले नसते, शैवाल परतले तर ते सावरतेही. हे वाचताना माझ्या हातातला चहा निवला, कारण पांढऱ्या पायावर पारदर्शक रंगाचा थर, ही तर आमचीच रीत. समुद्राने ती आमच्या कितीतरी आधी पत्करली होती. पांढरे तिथेही कोणी लावलेले नव्हते.

मग फांद्यांचा कागद कोरा ठेवून भोवतीचे पाणीच तेवढे रंगवायचे ठरवले. अल्ट्रामरीनचे कण खरखरीत कागदाच्या खळग्यांत बसून आपोआप वाळूचा भास देतात, ते एक सुख. पण धारवाडच्या ओल्या हवेत थर वाळेना, निळा फांद्यांत शिरे, आणि चार ताव वाया गेल्यावर पाचवा साधला.

सभागृहाचा अर्ज, भाडे, पावती, हे यथाक्रम झाले. आमच्यातील एकाने आंग्रिया बँक रंगवली होती: विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवरचे, पाण्यावर डोके न काढणारे प्रवाळाचे पठार, ज्या सरखेलाने इंग्रजांची गलबते अडवली त्या कान्होजी आंग्र्यांचे नाव इंग्रजीच नकाशांत कायम राहावे, हा इतिहासाचा मिस्कीलपणा. हुबळीचे एक कापडाचे व्यापारी पाटी वाचून, या बँकेची शाखा आपल्याकडे कुठे आहे, असे गंभीरपणे विचारते झाले. चित्राखाली कन्नडात ‘हवळ’ आणि मराठीत ‘पोवळे’ लिहिल्याने घोटाळा वाढला, कारण दोन्ही शब्द दागिन्याचे. ते तांबडे रत्न भूमध्य समुद्रातल्या निराळ्याच जातीचे, बेटे बांधणारे नव्हे. एक आजी गळ्यातला मणी चिमटीत धरून म्हणाल्या, “अहो, पोवळं म्हणजे तांबडं की हो! हे पांढरं कशाला काढलंत?”

तेच व्यापारी पुढे माझ्या चित्रापाशी आले, किंमत विचारून वाकले, आणि बराच वेळ पाहून म्हणाले, “निम्मा तर कोरा कागदच आहे की हो! त्याचेही पैसे?”

“त्याचेच,” मी म्हणालो.

ते हसले, आणि शेजारच्या तांबड्या माशांच्या चित्रावर विक्रीची तांबडी टिकली लागली.