विट्याचे वाडे आणि वाऱ्याची वाट

विटा हे सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाण. येथे पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त येथील कुटुंबे देशभर पसरली. त्यांच्या कमाईतून गावी सिमेंटचे बंगले उभे राहिले. जुन्या वाड्यांची रीत वेगळी होती. दगडमातीच्या जाड भिंती, माळवद आणि मधला चौक यांमुळे वैशाखातही सोप्यात गारवा असे.

हा शहाणपणा आजच्या बांधकामात आणता येतो, हे कोल्हापूरचे वास्तुविशारद शिरीष बेरी यांच्या कामावरून दिसते. निसर्ग आणि माणूस यांचे नाते हाच त्यांच्या रचनांचा पाया. हैदराबादच्या ‘लॅकोन्स’ या वन्यजीव प्रयोगशाळेच्या रचनेत त्यांनी जागेवरील खडकांना आणि पाण्याला मानाचे स्थान दिले.

बँकेत घरबांधणीची अनेक अंदाजपत्रके माझ्या नजरेखालून गेली. त्यांत सिमेंट-लोखंडाचे रकाने असत; सावली आणि वाऱ्याचा कधीच नसे. तो खर्च पुढे दरमहा वीजबिलातून वसूल होतो. म्हणून वाडा उतरवण्यापूर्वी वास्तुविशारदाला आधी एवढेच विचारावे : दुपारचे ऊन कोठून येईल आणि वारा कोठून जाईल?