खेळगडी

विंडोज १० ची नेहमींची डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली, आणि आमच्या नाशिकच्या घरांतील जुन्या संगणकावर चिरंजीवांनीं लिनक्सची प्रतिष्ठापना केली. विंडोजसाठीं लिहिलेले पुष्कळसे खेळ २०१८ पासून ‘प्रोटॉन’ नांवाचा दुभाषा तेथेंही चालवितो. त्याच महिन्यांत स्टीमवरील लिनक्सवाले प्रथमच शेंकडा ३ च्या वर गेले, हें त्यांनीं मला अभिमानानें ऐकविलें. पण मित्रमंडळींचा लाडका खेळ, लबाडी पकडणाऱ्या त्याच्या पहारेकऱ्यामुळें, लिनक्सवर उघडेना. आठ दिवसांनीं पाहतों तों स्वारी मित्राच्या घरीं, विंडोजपुढें! मी हंसलों नाहीं. पंचवटींतला वाडा सोडून मीही कॉलेज रोडला आलों; सोयी सर्व आहेत, पण संध्याकाळीं पाय अजून जुन्या पाराकडेच वळतात.